वाळवी मंडळ आणि आजोबांचा खोडरबर

डोळे मिटा पाहू सगळ्यांनी. मिटलेत? शाब्बास!

अरे, पण मग हे वाचणार कोण? बरं, उघडा. उघड्या डोळ्यांनीच एक चित्र समोर आणा. खिडकीपाशी एक टेबल आहे. टेबलावर सकाळचं ऊन पडलंय. उन्हात एक जाडजूड पुस्तक, एक दाढीचा ब्रश आणि एक पांढराशुभ्र खोडरबर. खोडरबर तिरका कापलेला, सुरीसारखा. आणि समोर बाह्या सरसावून बसलेले एक आजोबा. चेहरा कसा? लढाईला निघालेल्या सेनापतीसारखा!

आता तुम्ही म्हणाल, दाढीचा ब्रश आणि खोडरबर घेऊन माणूस लढणार तरी कुणाशी? सांगतो. पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

हे आजोबा अख्खी हयात ग्रंथपाल होते. कसले ग्रंथपाल! त्यांच्या वाचनालयात पुस्तक मागण्याआधी मुलं आपणहून दोन्ही हात पुढे करून दाखवायची, तळवे आणि मग नखं. पुस्तकाचं पान दुमडणाऱ्याला आजोबा फारसं रागवायचे नाहीत. ते नुसते त्याच्याकडे बघायचे. तेवढ्यानं तो मुलगा घरी जाऊन स्वतःच्या अंथरुणाची घडीसुद्धा घालायला घाबरायचा!

"माझ्या हाताखालून गेलेल्या पुस्तकावर माशी बसत नाही," आजोबा छाती फुगवून सांगायचे, "आणि बसलीच तर पाय पुसून बसते!"

पण निवृत्त झाल्यावर झाली पंचाईत. पुस्तकं होती, वेळ होता, बोलायला मात्र कुणी नव्हतं. आजींना सांगायला जावं, तर आजींचा पुस्तकांशी संबंध एवढाच, की झोपताना चष्मा ठेवायला ती बरी पडतात. आजोबा एखादी गोष्ट रंगात येऊन सांगायला लागले, की आजी म्हणायच्या, "अहो, तो माणूस शेवटी मरतो का ते आधी सांगा. म्हणजे मला कुकर लावायला जाता येईल."

हे सगळं बघत होती आजोबांची नात. ती एका जागी कधी बसायची नाही, म्हणून घरात तिचं नाव खारूताई. एके दिवशी ही खारूताई सोफ्यावरून उडी मारून आली आणि म्हणाली, "आजोबा, मी तुम्हाला वाळवीत घातलं!"

आजोबा ताडकन उभे! "वाळवी? कुठल्या कपाटाला? खालच्या कप्प्यात का?"

"कपाटाला नाही हो! वाळवी मंडळ! फोनवरचा गट आहे, पुस्तकं फस्त करणाऱ्या लोकांचा. आईनं तुमचं नाव घातलंय, मी फोटो लावलाय."

"वाळवीत! मी!" आजोबा पुटपुटले. "हयातभर जिच्याशी झगडलो तिच्याच पंगतीला जाऊन बसू?"

पण बसले हो! आणि चांगले पाट मांडून बसले. सुरुवातीला त्यांचे निरोप अर्जासारखे असायचे. 'सप्रेम नमस्कार, विनंती विशेष' इथपासून सुरुवात आणि 'कळावे, लोभ असावा' इथे शेवट. ते लिहून होईपर्यंत बाकीची मंडळी दुसऱ्या पुस्तकावर पोचलेली असायची. तरी मंडळाच्या प्रमुख, दातांच्या डॉक्टरीणबाई, प्रत्येक निरोपाला उत्तर द्यायच्या. दोन पेशंटांच्या मधे बोलून पाठवायच्या, त्यामुळे पाठीमागे घुर्रर्र आवाज यायचा आणि आजोबा उगाचच गालाला हात लावायचे. एक क्रेनवाली ताई होती. उंचच उंच इमारतींवर क्रेन चालवायची आणि जेवणाच्या सुट्टीत वर केबिनमध्येच बसून वाचायची. आणि होते एक निवृत्त न्यायाधीश. ते पुस्तक वाचायचे नाहीत, पुस्तकाचा निकाल लावायचे!

या न्यायाधीशांशी आजोबांची विशेष गट्टी, म्हणजे रोजचं भांडण. न्यायाधीश पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायचे. आजोबांच्या मते तो गुन्हा. न्यायाधीशांच्या मते तो त्यांचा हक्क. सकाळी फोन टिंग करून वाजला, की आजोबा दाढीचा साबण तसाच तोंडाला ठेवून धावायचे. आणि नाही वाजला, तर आजी हळूच विचारायच्या, "काय हो, आज कुणी भांडलं नाही वाटतं? चेहरा का उतरलाय?"

हसण्यावारी नेऊ नका. म्हातारपणी भांडायला मित्र मिळणं सोपं नसतं.

तर या मंडळाची एक रीत होती. दुकानात न मिळणारं एखादं जुनं पुस्तक घ्यायचं आणि कुरियरनं एकाकडून दुसऱ्याकडे पाठवत राहायचं. ज्याच्याकडे ते सर्वांत शेवटी पोचेल, त्यानं रविवारी सगळ्यांसमोर कॅमेऱ्यापुढे ते उघडायचं. याला म्हणायचे 'उघडणी'. मोठा मान! आणि यावेळी पुस्तक होतं एका दीपगृहाच्या रखवालदाराचं आणि त्याच्या शेळीचं, आणि आजोबा मंडळात आल्यापासूनच्या या पहिल्याच उघडणीचा मान होता आजोबांचा.

आता तुम्हाला एक गुपित सांगतो. आजोबांना सांगू नका.

उघडणीत वाचायचं काय? गोष्ट नाही! प्रत्येक वाचकानं समासात, म्हणजे पानाच्या कडेच्या कोऱ्या जागेत, पेन्सिलीनं स्वतःच्या मनातलं लिहायचं असतं. कुणी हसलं ते, कुणी चिडलं ते. आणि उघडणीपर्यंत समासाबद्दल गटात चकार शब्द काढायचा नाही, असा मंडळाचा कडक नियम. खारूताईनं तो नियम वाचला होता. पण तिला वाटलं, आजोबांना अवचित गंमत कळू दे! म्हणून ती ओठ घट्ट मिटून शनिवारी सकाळी शाळेत गेली. इकडे कुरियरवाला आला, आजोबांनी पुडकं सोडलं, पहिलं पान उघडलं आणि...

"अरे देवा! कोण हे रानटी लोक!"

आता कळलं ना, आजोबा लढाईला का बसले होते?

आजोबांची पद्धत ठरलेली. डाव्या तळव्यानं पान सपाट दाबायचं, खोडरबर पुस्तकाच्या शिवणीकडून बाहेरच्या बाजूला फिरवायचा, उलट कधीच नाही. मग दाढीच्या ब्रशनं भुगा झटकायचा. आणि खोडता खोडता तोंडाचा पट्टा चालूच!

पहिल्याच पानावर कुणीतरी ठणठणीत अक्षरात लिहिलं होतं, 'असहमत!'

"असहमत असाल तर मिटा पुस्तक आणि झोपा!" आजोबा ओरडले. खस्स, खस्स, खस्स!

पुढे वादळात दीपगृह हादरतं, तिथे बारीक अक्षरात होतं, 'इथे मी रडले.'

"खुशाल रडा! पण रुमालात रडा, पुस्तकात कशाला?" खस्स, खस्स!

पुढे होतं, 'रखवालदाराची दाढ दुखतेय हे लेखकाला कळलेलं नाही.'

"आणि तुम्हाला बरं कळलं! दाढ काय तुमच्याशी बोलली?" खस्स!

मग ती गोष्टीतली मोठी जागा आली. बोट बुडतेय, रखवालदाराला एकच वस्तू वाचवता येणार आहे, दिव्याची मौल्यवान काच किंवा शेळी. तो काच समुद्रात सोडतो आणि शेळीला उचलतो. तिथे समासात पुन्हा ठणठणीत अक्षर, 'हा सरकारी मालमत्तेचा अपव्यय आहे!'

आजोबा उठूनच उभे राहिले. "अपव्यय? अहो, काच दुसरी मिळेल! वादळात आपल्यासाठी बें करणारं दुसरं कोण मिळणार आहे?"

स्वयंपाकघरात भाजी निवडत बसलेल्या आजींनी मान बाहेर काढली. "अहो, कुणाशी भांडताय? घरात तर कुणी नाही!"

"कुणी मूर्ख आहे एक! नाव लिहिलेलं नाही, म्हणून वाचला!" खस्स, खस्स, खस्स!

दुपारपर्यंत पुस्तक असं स्वच्छ झालं, जणू आत्ताच छापखान्यातून न्हाऊन बाहेर आलंय. आजोबांनी मोठ्या अभिमानानं गटात कळवलं, 'सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. पुस्तक पोचले. फारच वाईट अवस्थेत होते. संपूर्ण स्वच्छ केले आहे. आता आपण ओळखणारही नाही.'

काय तो कौतुकाचा पाऊस! "वा! अगदी दात घासून चकचकीत!" घुर्रर्रच्या पार्श्वभूमीवर डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सगळ्यांना वाटलं, आजोबांनी पुठ्ठा पुसला असेल. न्यायाधीशांनीही चक्क लिहिलं, 'सहमत.' आजोबांनी तो शब्द आजींना दाखवला, कुरियरवाल्याला दाखवला असता, पण तो केव्हाच गेला होता.

तेवढ्यात खारूताई शाळेतून आली. दप्तर एकीकडे, बूट दुसरीकडे. "आलं? पुस्तक आलं? कशी वाटली गंमत?"

"गंमत कसली! समास नुसते बरबटलेले होते. सगळं खोडून काढलं बघ. एक ठिपका शोधून दाखव!"

खारूताई आयुष्यात पहिल्यांदा एका जागी थांबली.

"आजोबा," ती अगदी हळू म्हणाली, "तीच तर गंमत होती."

मग तिनं नियम सांगितला. आजोबा ऐकत गेले आणि खुर्चीत खाली खाली जात गेले. शेवटी टेबलावर फक्त त्यांचे केस दिसायला लागले. "म्हणजे तो 'असहमत' म्हणजे..."

"न्यायाधीश आजोबा."

"आणि रडणारी?"

"क्रेनवाली ताई असणार."

"अरेरे! तिला मी रुमालात रडायला सांगितलं!" आजोबांनी डोकं धरलं. "आता कोण बोलेल माझ्याशी?"

खारूताईनं बाह्या सरसावल्या. शाळेत तिला एक युक्ती कळली होती. पेन्सिलीनं लिहिलं की कागदावर खाच पडते. खोडलं तरी खाच राहते. वरून पेन्सिल आडवी घासली, की अक्षर पांढरं उमटतं! तिनं शेळीचं पान उघडलं आणि घासायला सुरुवात केली. घासलं, घासलं, आणखी घासलं. उमटलं काय? 'अप.' बाकी पान असं काळंकुट्ट, की वादळ जाऊन तिथे अमावास्या आली!

"थांब, थांब! मी पुसतो!" आजोबांनी खोडरबर उचलला. पण घाबरलेल्या हाताला शिवणीकडून की बाहेरून, काही भान राहिलं नाही. टर्र! पानाला पडलं भोक. भोकातून पुढच्या पानावरचं शेळीचं चित्र दिसायला लागलं. शेळी अशी बघत होती, जणू तिला पुन्हा बुडवलंय!

आजोबांनी दुसरा डाव टाकला. गटात लिहिलं, 'सहज विचारतो, आपण मंडळी समासात साधारण काय लिहिता?'

लगेच न्यायाधीशांचा निरोप आला, 'सावधान! ग्रंथपाल नियमाची परीक्षा घेत आहेत. कुणीही तोंड उघडू नये. ग्रंथपाल, आपल्या शिस्तीला प्रणाम!'

"मेलो!" आजोबा म्हणाले.

तिसरा डाव म्हणजे शुद्ध लोणकढी थाप. 'घसा पूर्ण बसला आहे. वाचता येणार नाही. उघडणी पुढे ढकलावी, ही विनंती.' आजोबांनी पाठवून दिलं आणि सुस्कारा सोडला.

पण हा सुस्कारा पुरता बाहेर पडायच्या आत फोन टिंग, टिंग, टिंग! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घसा? मी बघते ना! पत्ता पाठवा." न्यायाधीशांनी लिहिलं, 'रुग्णाला मंडळाकडे येता येत नसेल, तर मंडळानं रुग्णाकडे जावं.' आणि क्रेनवाली ताई म्हणाली, "आपण सगळे एकाच शहरातले, पण कधी भेटलो नाही. उद्या ग्रंथपालकाकांच्या घरीच उघडणी!"

आजोबांनी खरोखरच आवाज गेल्यासारखं नातीकडे पाहिलं.

"अजून एखादी थाप मारा," स्वयंपाकघरातून आजी म्हणाल्या, "म्हणजे बँडपथकही येईल."

रविवारी मंडळी आली! डॉक्टरीणबाई टॉर्च घेऊनच शिरल्या. न्यायाधीश काठी टेकत आले, दारातच आजोबांना पाहून थबकले आणि म्हणाले, "फोटोत तुम्ही उंच दिसता." क्रेनवाली ताई मात्र घरात न बसता सरळ खिडकीपाशी गेली आणि टाळी वाजवून ओरडली, "अय्या! हीच ती खिडकी! रस्त्याच्या टोकाची ती क्रेन बघा, ती माझी! काल सकाळभर मी वरून बघत होते. एक आजोबा काहीतरी घासताहेत, घासताहेत, मधेच उठून ओरडताहेत! मला वाटलं, करपलेलं पातेलं असेल!"

आजोबांनी कसनुसं हसून गळ्याला मफलर गुंडाळला.

"आ करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आजोबांनी आ केला. टॉर्च आत फिरला. "घसा तर ठणठणीत आहे! पण ही डावीकडची दाढ... ही मला काही बरी दिसत नाही."

"मग उघडणीला हरकत नाही," न्यायाधीशांनी काठी आपटली. "पुस्तक सादर करा!"

पुस्तक होतं खारूताईच्या हातात. तिनं ते पाठीमागे धरलं होतं. तिच्या मनात येत होतं, खिडकीतून फेकावं का? पण खालून एक काकू भाजी घेऊन चालल्या होत्या. आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. मग मफलर सोडला, पुस्तक स्वतःच्या हातात घेतलं आणि टेबलावर उघडून ठेवलं.

समास पांढरेफटक. डॉक्टरीणबाईंनी पान उलटलं. पांढरं. आणखी उलटलं. पांढरं. मग आली अमावास्या, आणि भोकातून बघणारी शेळी.

डॉक्टरीणबाईंनी टॉर्च लावून भोकात पाहिलं.

"मी खोडलं," आजोबा म्हणाले. "सगळं. मला वाटलं कुणी पुस्तक खराब केलंय. हयातभर हेच केलं ना! समासात माणसं बसलेली असतात, हे मला कधी दिसलंच नाही. घसाबिसा काही बसलेला नाही. मला मंडळातून काढून टाका. पण या पोरीला काही बोलू नका, तिचं नुसतं भोक आहे."

"भोक तुमचं आहे," खारूताई रडवेल्या आवाजात म्हणाली. "माझं काळं आहे."

न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "प्रकरण गंभीर आहे. पुरावाच नष्ट झाला! आता माझं म्हणणं काय होतं, हे कोण सांगणार?"

"मी सांगते की!"

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. आजी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या.

"सगळ्यांत आधी होतं 'असहमत.' त्यावर हे म्हणाले, 'असहमत असाल तर मिटा पुस्तक आणि झोपा!'"

"असं म्हणाले?" न्यायाधीशांच्या भुवया कपाळावर चढल्या.

"तर! अहो, हे खोडत होते आणि ओरडत होते. मी भाजी निवडता निवडता सगळं ऐकलं. मग कुणीतरी रडलं होतं, तिला म्हणाले, 'रडा, पण रुमालात रडा!' दाढेबद्दल कुणीसं लिहिलं होतं, तर म्हणे, 'दाढ काय तुमच्याशी बोलली?'"

ट्रेमधला कप उचलून पहिला घोट घेताच डॉक्टरीणबाई ठसकल्या. क्रेनवाली ताईला हसू आवरेना. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिनं ते मुद्दाम सगळ्यांना दाखवून रुमालानं टिपलं.

"आणि शेळीचं?" न्यायाधीशांनी विचारलं. आवाज जरा बारीक झाला होता. "शेळीपाशी काय म्हणाले?"

आजींनी आजोबांकडे पाहिलं. "ते तुमचं तुम्हीच सांगा."

आजोबा खाली बघत म्हणाले, "काच दुसरी मिळेल. वादळात आपल्यासाठी बें करणारं दुसरं कोण मिळणार आहे?"

न्यायाधीशांनी भोकातल्या शेळीवरून बोट फिरवलं. एकटेच राहायचे ते, हे त्यांनी गटात कधी लिहिलं नव्हतं. मग त्यांनी काठी आपटली.

"निकाल! पहिली गोष्ट, सगळ्यांनी आपापलं म्हणणं पुन्हा समासात लिहावं. दुसरी गोष्ट, प्रत्येकाच्या खाली ग्रंथपालांनी आपलं उत्तर स्वहस्ते लिहावं. तिसरी गोष्ट, ते उत्तर जसं ओरडले होते तसंच पाहिजे, साखर घालायची नाही!"

मग काय, जी झुंबड उडाली! घरातल्या सगळ्या पेन्सिली टेबलावर आल्या. "सरका हो!" "माझं आधी!" "दाढेचं पान कुठंय?" आजी गोष्ट न वाचताच कशानंतर काय होतं ते सगळ्यांना सांगत होत्या. मधेच त्यांनी विचारलं, "बाकी सोडा, ती शेळी शेवटी मरते का?" आणि सगळे एका सुरात ओरडले, "सांगणार नाही! वाचा!" आजींनी चक्क हात पुढे केला. हयातीत पहिल्यांदा त्यांनी पुस्तकावर चष्मा ठेवण्याऐवजी तो डोळ्यांवर ठेवला.

आणि आजोबा? त्यांच्या हातात पेन्सिल होती, समोर पुस्तक होतं, आणि ती पेन्सिल ते अशी टेकवत आणि परत उचलत होते, जणू कुणी त्यांना झोपलेल्या बाळाच्या गालावर लिहायला सांगितलंय! शेवटी त्यांनी लिहिलं. इतकं फिकट, की वाचायला डॉक्टरीणबाईंना टॉर्च लावावा लागला.

संध्याकाळी मंडळी गेली. जाताना डॉक्टरीणबाईंनी दाढेसाठी सोमवारची वेळ दिली. न्यायाधीश जिन्यावरून ओरडले, "उद्या सकाळी नवं भांडण! तयार राहा!" क्रेनवाली ताई म्हणाली, "काका, खिडकीत येत जा. मी वरून हात करेन."

घर शांत झालं. खिडकीपाशी आजोबा पुस्तक चाळत बसले. प्रत्येक पानावर कुणी ना कुणी बोलत होतं. त्यांचा चेहरा बघाल तर नव्या पुठ्ठ्यासारखा चमकत होता! चाळता चाळता ते एका पानावर थांबले. तिथे न्यायाधीशांचा 'असहमत!' घाईघाईत तिरका गेला होता. त्याचं शेपूट समासातून निसटून थेट छापलेल्या ओळीवर चढलं होतं.

आजोबांनी मान इकडे केली, मान तिकडे केली. मग हात हळूच खिशाकडे गेला. "एवढंच," ते स्वतःशीच पुटपुटले, "शेपटाचं टोक फक्त. बाकी हात लावत नाही. शिवणीकडून बाहेर..."

खारूताईनं ते सोफ्यावरून पाहिलं. ती ओरडली नाही, रागावली नाही. ती उठली, आजोबांच्या हातातून खोडरबर अलगद काढून घेतला, टेबलावरचं पेन उचललं, पेन हं, पेन्सिल नाही, आणि त्या पांढऱ्याशुभ्र खोडरबरावर ठणठणीत अक्षरात लिहिलं, 'असहमत!'

आणि तो परत आजोबांच्या खिशात ठेवून दिला.